खुंटीवरची पिशवी

कर्जतहून कशेळ्याकडे आणि पुढे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव हे पेठेचे गाव आहे. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी पेज नदीला येऊन मिळते आणि राजनाल्याच्या पाटांनी तालुक्याच्या या टापूत फिरते. त्यामुळे कोकणातील इतर शेते उघडी पडलेली असतात त्या दिवसांतही इकडे उन्हाळी भाताची हिरवळ नजरेस पडते. आसपासच्या वाड्यांतील ठाकूर आणि कातकरी, गावांतील आगरी, मराठा आणि इतर कुटुंबे बाजाराला, शाळेला आणि दवाखान्याला येथे येतात. गावाचे दैवत श्री बाल दिगंबर गणेश. देवाची उपासना येथे बालरूपात होते आणि माघी चतुर्थीला त्याच्या दर्शनासाठी दूरदूरची माणसे रांगा लावतात.

भाद्रपद सरत आला असता, भाताची लोंबी पोटरीतून बाहेर पडू लागली होती अशा दिवसांत, मी कडावला गेलो तो कोणत्याही गुन्ह्याचा माग काढण्यासाठी नव्हे. नशेच्या गोळ्यांच्या संबंधात या गावाचा कोठे उल्लेख झाला आहे असेही नाही; किंबहुना म्हणूनच गेलो. डॉक्टरने एकासाठी लिहून दिलेले औषध दुसऱ्याच्या, त्यातही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या, हाती नशेसाठी कसे जाते याचा विचार आपण नेहमी पोलिसांच्या धाडीपासून सुरू करतो. त्याचा प्रारंभ त्याच्या कितीतरी आधी, कोणाच्याही मनात काही वाईट नसताना, साध्या घरांत आणि साध्या दुकानांत होत असतो अशी माझी समजूत होती. ती पडताळून पाहावी एवढाच हेतू होता.

परिसरातील एका औषधाच्या दुकानात, म्हणजे लोक ज्याला नुसते 'मेडिकल' म्हणतात तेथे, मी दुपारभर बसून होतो. शाळा सुटल्यावर गणवेशातील एक मुलगा आला. वय बारा-तेरा. मुठीत घाम आलेला कागद असावा तसा त्याने गोळ्यांच्या पाकिटाचा रिकामा तुकडा धरला होता.

"काका, ही द्या. चार."

"कोणाला?"

"आजीला. झोप येत नाही तिला."

"चिठ्ठी आणलीस का बाळा?"

"चिठ्ठी नाही. मागं बाबांनी आणली होती ती हीच."

"मग बाबांनाच पाठव. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या म्हणावं."

मुलगा काही न बोलता निघून गेला. दुकानदार बराच वेळ त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, "पोरगा चांगला आहे. आजीसाठीच आला असणार. पण साहेब, त्याला रस्ता माहीत झाला ना." या एका वाक्यासाठी माझा प्रवास सार्थकी लागला असे मी मानतो.

रस्ता माहीत झाला, याचा अर्थ नीट समजून घ्यावा. झोपेची अथवा मन शांत करणारी गोळी रिकामे पाकीट दाखवून मिळते, ती चारच्या संख्येने कापून मिळते, ती आणायला मोठ्या माणसाची गरज नसते आणि बहुधा कोणी काही विचारत नाही, हे चार धडे त्या मुलाला कोणा दुर्जनाने शिकवलेले नव्हते. ते त्याच्या घरानेच, प्रेमापोटी आणि सोयीपोटी, त्याला दिलेले होते. आज तो आजीसाठी येतो. दोन वर्षांनी, परीक्षेच्या रात्री किंवा मित्रांच्या आग्रहावरून, तो स्वतःसाठी आला तर त्याला नवीन असे काहीच करावे लागणार नाही.

त्या दुकानदारांनी गल्ल्याखालून काढून दाखवलेली लांबट नोंदवही मी चाळली. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीचा कायदा १९४० सालचा आणि त्याखालील नियम १९४५ चे. त्या नियमांच्या 'एच' परिशिष्टातील औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु मार्च २०१४ पासून 'एच-१' नावाचे आणखी कडक परिशिष्ट अंमलात आले, हे फार थोड्यांच्या कानावर गेले आहे. आरंभी त्यात ४६ औषधे होती. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या निद्रा व शामक वर्गातील गोळ्या, कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही अफूच्या कुळाशी नाते सांगणारी औषधे, शिवाय क्षयरोगावरची आणि वरच्या दर्जाची प्रतिजैविके. यांपैकी काहीही विकले, तर डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या स्वतंत्र वहीत टिपावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. पाकिटावर तांबड्या चौकटीत इशारा छापलेला असतो. तो छापील इशारा वाचण्याची तसदी आपण घेत नाही, कारण पाकीट कापताना बहुधा तोच भाग दुकानात राहतो आणि आपल्या हाती येतात त्या नाव-गाव नसलेल्या चार गोळ्या.

नियमांत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे असते, आणि दिल्यावर विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व तारीख तिच्यावर नोंदवायची असते. आपल्याकडे एकेक चिठ्ठी प्लॅस्टिकच्या आवरणात घालून वर्षानुवर्षे वापरली जाते. ती घड्यांवर फाटते, चिकटपट्टीने जोडली जाते आणि एखाद्या सनदेप्रमाणे बापाकडून मुलाकडे येते. वस्तुतः चिठ्ठी ही सनद नव्हे. अमुक दिवशी, अमुक माणसाची नाडी पाहून, अमुक दिवसांपुरता केलेला तो एक निर्णय आहे. तो दिवस संपला की तिची मुदत संपते.

गावातील एका आशाताईंबरोबर मी काही घरांतून फिरलो. त्यांच्या पायाखालची वाट रोजची असल्यामुळे दारे सहज उघडली. एका घरी, ओटी ओलांडून आत गेल्यावर, मधल्या खांबाच्या खुंटीला गुलाबी रंगाची प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली होती. एखाद्या मिठाईच्या दुकानाची असावी. घरातील सर्व औषधे तीत असतात, असे सूनबाईंनी सांगितले. त्यांच्या संमतीने आम्ही ती घोंगडीवर रिकामी केली. रक्तदाबाच्या गोळ्यांचे चालू पाकीट. अर्धवट राहिलेली प्रतिजैविके, म्हणजे ताप उतरला तेव्हा सोडून दिलेली. खोकल्याच्या औषधाची बाटली, झाकणाशी साखरेचा थर धरलेली. डोळ्यांत घालायचे थेंब, मुदत उलटून गेलेले. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या दोन पुड्या. एकीत पांढऱ्या गोळ्या, दुसरीत अर्ध्या तोडलेल्या पिवळ्या. त्या कशाच्या, हे घरातील कोणालाच सांगता येईना. आणि तळाशी शामक गोळ्यांचे एक पाकीट, दहांपैकी तीन शिल्लक असलेले, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावाचे.

"सात कोणी घेतल्या?" आशाताईंनी विचारले.

"त्यांनीच घेतल्या असतील की, दुसरं कोण घेणार?" सूनबाई म्हणाल्या; आणि मग, क्षणभर थांबून, "मोजल्या कुणी होत्या?"

मोजल्या कुणी होत्या! ज्या घरात भाताची पायली न पायली मोजून कणगीत पडते आणि दुधाचा रतीब भिंतीवर खुणा करून मांडला जातो, त्या घरात माणसाची शुद्ध हरपवू शकणाऱ्या गोळ्यांची मोजदाद नसते. या घराला दोष देण्याचा माझा लवलेशही उद्देश नाही. शहरातील दिवाणखान्याच्या कपाटात, फ्रिजवरच्या डब्यात, हातातल्या पर्समध्ये याहून वेगळे काही आढळणार नाही. किंबहुना औषध पुडीत बांधून, नाव न सांगता देण्याची जी रीत आपल्या दवाखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली, तिने रुग्णाला 'लाल गोळी', 'पिवळी गोळी' याच्या पलीकडे जाऊच दिले नाही. आणि ज्या वस्तूचे नाव माहीत नाही तिची भीती तरी कशी वाटावी?

औषधाने माणसाला निमूट करण्याची ही सवय आपल्याकडे आजची नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या बायका कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देत असत, म्हणजे दिवसभर मूल झोपून राही. १९२२ साली सरकारच्या वतीने गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरने, अशा मातांच्या शंभरातील अठ्ठ्याण्णव बालकांना अफू दिली जाते असे नोंदवून ठेवले. त्या माता निर्दय नव्हत्या. पाळणाघर नव्हते, रजा नव्हती आणि भोंगा वाजला की जावे लागे, म्हणून ती गोळी होती. आजच्या घरांतील शामक गोळीलाही पुष्कळदा असेच दुसरे कारण असते: म्हाताऱ्या माणसाशी बोलायला कोणी नसते, रात्र मोठी असते, आणि तालुक्याला डॉक्टरकडे न्यायला एकाचा रोज बुडतो. हे कारण समजून न घेता केवळ 'गोळ्या देऊ नका' असा हुकूम सोडणाऱ्यांचे फारसे कोणी ऐकणार नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला या शामक गोळ्यांचे एक नवे कुळ निघाले. स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीसाठी काम करणाऱ्या लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले पहिले औषध १९६० मध्ये आणि डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. आधीच्या बार्बिट्युरेट वर्गातील झोपेच्या औषधांपेक्षा ही औषधे पुष्कळ सुरक्षित, त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांनी ती मुक्तहस्ताने लिहिली. अपस्माराचा झटका थांबवणे, शस्त्रक्रियेपूर्वी भय घालवणे, दारू सोडणाऱ्याला सांभाळणे ही त्यांची कामे आजही अनमोल आहेत. परंतु काही आठवडे सलग घेतल्यावर तेवढ्याच गोळीने तेवढी झोप येईनाशी होते, मात्रा वाढवावी लागते. दारूच्या जोडीने घेतल्यास श्वास मंदावून थांबू शकतो. आणि सवय जडल्यावर एकाएकी बंद केल्यास शरीर थरथरते, आकडीही येऊ शकते. पालकांनी हे शेवटचे विशेष ध्यानात ठेवावे. मुलगा गोळ्या घेतो असे कळल्यावर त्याला खोलीत कोंडून त्या तोडून टाकणारा बाप, हेतू कितीही चांगला असो, मुलाला नव्या संकटात लोटत असतो. बंद करण्याचा क्रम डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

महाराष्ट्रात या गोळ्यांना रस्त्यावरची नावे मिळून बराच काळ लोटला. मालेगावात अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात नायट्राझेपामला 'बटण'. खोकल्याच्या कोडीनयुक्त बाटल्यांचे साठे भिवंडीपासून मुंब्र्यापर्यंत पकडले गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. ही नावे मी मुद्दाम छापतो आहे. मुलाच्या तोंडून किंवा त्याच्या मोबाइलमधून एखादे नाव कानी आले, तर आईबापांना ते मिठाईचे वाटू नये. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, १० ते ७५ वयोगटातील १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख माणसे शामक औषधे वैद्यकीय कारणावाचून घेत असल्याचे आढळले. एवढी गोळी काही सीमेपलीकडून चोरवाटेने येत नाही. ती परवानाधारक कारखान्यात तयार होते आणि कुठल्या तरी दुकानातून किंवा कुठल्या तरी खुंटीवरून नाहीशी होते.

पहाटे साडेपाचला कडावच्या रस्त्यावर निराळे दृश्य असते. धुक्यात, टी-शर्ट घामाने चिकटलेली, पंधरा-वीस मुले धावत असतात. काही अजून अकरावी-बारावीत आहेत. पोलीस भरतीत पुरुषांना सोळाशे मीटर धावायचे असते, आणि त्या सोळाशेच्या वीस गुणांवर या भागातील कित्येक घरांची आशा टांगलेली असते. त्यांच्यातील एकाला मी विचारले, "ताकदीची सुई म्हणतात ती ठाऊक आहे का?" तो हसला नाही. म्हणाला, "ठाऊक सगळ्यांना आहे दादा. घेत नाही आम्ही. पण शर्यतीच्या आधी कुणीतरी सांगतोच, की घे, काही होत नाही."

ही सुई बहुतेक वेळा मेफेंटरमिनची असते. शस्त्रक्रियेत, विशेषतः पाठीच्या कण्यातून भूल दिल्यावर, रुग्णाचा रक्तदाब एकाएकी खाली येतो तेव्हा तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ हे औषध देतात, तेही हृदयाच्या ठोक्यांवर डोळा ठेवून. ज्याचा रक्तदाब उतरलेलाच नाही अशा निकोप मुलाने ते टोचून घेतले, की हृदय विनाकारण पळू लागते आणि त्यातच तो स्वतः पळत असतो. व्यायामशाळांतून या औषधाची चोरटी विक्री होत असल्याने अन्न व औषध प्रशासनाने आणि पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत राज्यभर कारवाया केल्या आहेत. पण त्या पहाटेच्या धावपटूला दरवेळी धाड वाचवणार नाही. त्याला वाचवील तो, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असा भरतीचा प्रशिक्षक, जर त्याने एकदा सर्वांसमक्ष स्पष्ट सांगितले तर.

हे सर्व लिहिताना औषधाविषयीच अविश्वास निर्माण होऊ नये, याची मला काळजी वाटते. कारण औषधाचे उपकार या जिल्ह्याने जेवढे पाहिले तेवढे क्वचितच कोणी पाहिले असतील. याच रायगडात, महाडच्या बाजूला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या माणसांचा, त्यातही मुलांचा, अभ्यास केला आणि रक्तदाबासाठी बनलेली प्राझोसिनची गोळी वेळेवर दिल्यास ती वाचतात हे सिद्ध केले. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचे निष्कर्ष छापले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी तीच असते. ती कोणी, कोणाला पाहून, किती आणि कशासाठी दिली यावर ती जीव देते की घेते हे ठरते.

शाळेत मात्र मला एक चांगली रीत दिसली. आठवड्यातून एकदा मुलांना लोहाची निळी गोळी देतात. ती जेवणानंतर, बाईंच्या देखत गिळायची आणि बाई वहीत खूण करतात. घरी नेऊन नंतर घेईन, ही सबब चालत नाही. नाव सांगून, कारण सांगून, मोजून आणि समोर दिलेली गोळी कशी असते, याचा हा वस्तुपाठ आहे आणि मुले तो नकळत शिकतात. याच तासाला जोडून दहा मिनिटे शामक गोळ्यांविषयी, सुईविषयी बोलता येईल असे मी शिक्षकांना सुचवले. एक सर म्हणाले, "बोललो तर उलट कुतूहल वाढेल, अशी भीती वाटते." ही भीती प्रामाणिक आहे, पण मुलांना ही माहिती कोणाकडून तरी मिळणारच आहे, आणि सरांनी सांगितली नाही तर ती विकणारा सांगेल. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाचे कक्ष आहेत. तेथे मुलाने एकट्याने जाऊन बोलावे अशीच कल्पना आहे. ते कक्ष उघडे असतात, तेथे बसणारी व्यक्ती मुलाचे बोलणे गावभर करणार नाही, एवढी खात्री मुलाला वाटली पाहिजे.

कायद्याचे म्हणाल तर तो कमी पडलेला नाही. बालन्याय अधिनियम २०१५ च्या ७७ व्या कलमाप्रमाणे, डॉक्टरच्या आदेशावाचून मुलाला अमली किंवा मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. जिल्ह्याचे अन्न व औषध प्रशासन पेणला बसते. कडावच्या टोकापर्यंत त्याचे निरीक्षक रोज पोहोचतील अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. म्हणूनच, चिठ्ठी नसल्याने चार गोळ्यांचे गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार हा माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा अंमलदार आहे. त्याने गिऱ्हाईक परत पाठवले आणि शेजारच्या दुकानाने ते घेतले, तर तोटा त्याचा एकट्याचा होतो. तो एकटा पडू नये, हे पाहण्याची जबाबदारी गावाची आहे. ग्रामसभेने एक ठराव करावा, की अठरा वर्षांखालील मुलाला आम्ही झोपेच्या, वेदनेच्या किंवा खोकल्याच्या चिठ्ठीच्या औषधासाठी पाठवणार नाही आणि कोणी पाठवल्यास दुकानदाराने देऊ नये. यास खर्च नाही, मंजुरीची गरज नाही.

आणि एखादे मूल अडकलेच, तर? अनिल अवचट यांचे गर्द या मादक पदार्थावरील लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' उभे राहिले, ही हकीकत मराठी वाचकाला नवी नाही. डॉ. सुनंदा अवचटांनी तेथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानले, हे त्या संस्थेचे खरे भांडवल. मुलाच्या बाबतीत तर दुसरी दृष्टी संभवतच नाही. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानसची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. मूल बेशुद्ध असेल किंवा श्वास संथ झाला असेल तर दोन्ही सोडून प्रथम रुग्णवाहिकेसाठी १०८.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा घराची दिवाळीची झाडलोट झालेली असेल. माळा उतरवला असेल, भांडी चिंचेने घासली असतील, कोनाडे सारवले असतील. खुंटीवरची पिशवी मात्र बहुधा तशीच असेल, कारण ती आपल्याला कधी केर वाटलीच नाही. फराळाच्या गडबडीतून अर्धा तास काढून ती उतरवा. जी औषधे चालू आहेत ती त्यांच्या पाकिटांसह, मोजून, तारीख घातलेल्या कागदावर आकडा लिहून, कुलपाच्या पेटीत ठेवा. गेलेल्या माणसांची, मुदत संपलेली, नाव नसलेली वेगळी काढा. केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे डायझेपाम, ट्रॅमाडॉल, मॉर्फिन यांसारखी मोजकी औषधे शौचकूपात सोडून द्यावीत; बाकीची पेज नदीत किंवा उकिरड्यावर न फेकता आरोग्य केंद्रात किंवा दुकानदाराकडे नेऊन विचारावे. आणि पुढच्या वेळी आजीला झोप आली नाही, तर नातवाच्या हाती रिकामे पाकीट न देता, आजीला घेऊन डॉक्टरांकडे जावे.